माणूसदाणी

सहा वाजून वीस मिनिटांनी डास यायचे. छटाकला हे आता घड्याळापेक्षा पक्कं ठाऊक झालं होतं. त्याआधी गाडीची चारही दारं लावून घ्यायची, आतला दिवा चुकूनही लावायचा नाही, डब्यात उरलंसुरलं असेल ते खाऊन पाय आत ओढायचे. गोदामाच्या पत्र्यावरचं शेवटचं ऊन उतरलं, की नाल्यातून, गवतातून, पोत्यांच्या थप्प्यांमागून ते उठत. आधी एकच येई, चौकशीला आलेल्या शेजारणीसारखा, काचेवर टेकून आत डोकावून जाई. मग त्याच्यामागून सगळं गणगोत.

काच वर केली तर जीव गुदमरायचा, खाली केली तर रक्त जायचं. दोन्हींच्या मध्ये बोटभर फट ठेवून तिनं बरेच महिने काढले होते. फटीत कधी जुनं फडकं अडकवलं, कधी वर्तमानपत्राची घडी. अंगाला कडू तेल चोळलं. एकदा डास पळवणारी कॉइल डिकीत पेटवून पाहिली, तर डास तिथेच राहिले आणि तीच खोकत बाहेर पळाली.

छटाक हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. जन्मली तेव्हा बाबांनी दोन्ही तळव्यांवर घेऊन म्हटलं होतं, "ही कसली मुलगी, ही तर छटाकभर!" ते चिकटलं ते चिकटलंच. आणि योग असा, की मोठी होऊन तिनं हातात घेतली ती वजनंच. दुकानातले, दवाखान्यातले, गोदामातले काटे खरं बोलतात की नाही, हे तपासत गावोगाव फिरणं तिचं काम. मागच्या सीटवर निळ्या मखमलीच्या पेटीत तिची प्रमाण वजनं असत. ती उघड्या बोटांनी धरायची नाहीत, घामानं जड होतात. त्यांच्याजवळ चुंबक न्यायचं नाही. पेटी डोळ्याआड करायची नाही. या शेवटच्या नियमापायीच आपण गाडीत झोपतो, असं ती लोकांना सांगायची. कुणी खोदून विचारत नसे, म्हणून ते खरं ठरायचं. खरी गोष्ट अशी, की शहरातली भाड्याची खोली तिनं केव्हाच सोडली होती. पंधरा-वीस दिवसांनी कुलूप उघडलं, की खोलीत आपणच जाताना उलटा टाकून ठेवलेला पेला तस्साच उलटा दिसायचा. ते तिला बघवेना.

आता तिचा जीव दोनच गोष्टींत अडकला होता. एक ती पेटी, आणि दुसरा रोज संध्याकाळी येणारा ताईचा फोन.

ताई बाबांच्या घरात राहायची आणि बाबांचंच काम करायची. पडदे, गाद्यांच्या खोळी, उशांचे अभ्रे. बाबांच्या गळ्यातली टेप आता तिच्या गळ्यात होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचं बाहेर जाणं बंद झालं होतं. जग तिच्याकडे शिवायला येई तेवढंच. मागच्या आठवड्यात फोनवर तिनं एकदम विचारलं,

"कोण गं टाळ्या वाजवतंय तिथे?"

"मीच."

"एवढा कसला आनंद झालाय?"

"डास मारतेय, ताई."

"किती झाले?"

"सात. आठवा कानात गातोय."

पलीकडे शिलाई मशीनची घरघर थांबली. मशीन थांबलं की समजावं, ताईच्या मनात काहीतरी बेतलं जातंय.

"दारांना अभ्रे शिवते," ताई म्हणाली. "जाळीचे. उशीला घालतो तसे दाराला वरून घालायचे, खाली इलॅस्टिक, आणि दार लावून घ्यायचं. मग काच खुशाल खाली कर. वारा आत, डास बाहेर."

"माप सांगू?" छटाकच्या तोंडून निसटलं.

"तू मला माप सांगणार? बाबांच्या गाडीचं? सीटच्या खोळी मी शिवल्या, मागच्या काचेचा पडदा मी शिवला. डोळे मिटून बेतीन." मग तिनं कात्री उचलल्याचा आवाज आला. "का, काही बदल झालाय का?"

"नाही," छटाक म्हणाली. "काय बदल होणार?"

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग कात्रीचा आवाज आला, कचकच, एका दमात लांबलचक.

बाबांची गाडी आठ महिन्यांपूर्वीच गेली होती.

बाबा गेल्यावर ती अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी राहणार होती. ताईची तशी इच्छा होती. पण छटाक म्हणाली, उभी राहिली तर गंजेल, मी नेते, मी चालवते. ताईनं बराच विचार करून किल्ली तिच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "ने. गाडी फिरतेय तोवर बाबा फिरतीवर आहेत असं समजेन." मग एका चढावर इंजिन बसलं ते पुन्हा उठलंच नाही. मेस्त्री म्हणाला, हिचे सुटे भाग बनवणारेही आता राहिले नाहीत. महिनाभर गाडी त्याच्या आवारात उभी होती. छटाक दोनदा बघून आली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा गाडीला दारं नव्हती. कागदावर सही करताना तिनं फक्त एक वस्तू मागून घेतली होती. मेस्त्रीनंच दाखवलेली एक बसक्या पाठीची लहान गाडी घेऊन ती पुढच्या गावाला गेली, आणि त्या संध्याकाळी ताईनं नेहमीसारखं विचारलं, "गाडी काय म्हणते?" छटाक म्हणाली, "बरी आहे." एवढंच. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाली. दुसऱ्या दिवसाला तिसरा दिवस जोडला गेला, धाग्याला धागा, आणि बघता बघता त्या खोट्याचा चांगला आठ महिन्यांचा लांबरुंद पडदा झाला.

आणि आज जाळ्या आल्या होत्या.

गोदामाचा राखणदार बोचकं घेऊन गाडीपाशी आला. "बाई, तुमच्या नावानं आलंय. फुलासारखं हलकं आहे. वजन करून घेता का?" आणि आपल्याच विनोदावर मिशीत हसला.

छटाकनं बोचकं मांडीवर सोडलं. काळ्या बारीक जाळीच्या चार खोळी, कडेला सुती पट्टी, खाली इलॅस्टिक. प्रत्येकीच्या कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्यानं काहीतरी घातलेलं. ताईची ती जुनी सवय. गिऱ्हाइकांच्या पडद्यांवर ती खोलीचं नाव घालायची, म्हणजे कुठला कुठे लावायचा यात गोंधळ नको. छटाकनं खोळ उजेडाकडे धरली. पुढच्या एका खोळीवर 'मी' असं होतं. मागच्या दोहोंवर 'छटाक' आणि 'तागे'. आणि चालकाच्या दाराच्या खोळीवर 'बाबा'.

ते तिघं असेच बसायचे. बाबा चालवायचे, ताई शेजारी पडद्यांचे हूक मांडीवर घेऊन, मागे छटाक, आणि छटाकच्या अंगावर कलंडणारे कापडाचे तागे.

'बाबा' लिहिलेल्या खोळीवर बाहेरच्या अंगाला तळहाताएवढं जाड कापडाचं ठिगळ होतं. छटाकला आधी कळेना, नव्या जाळीला ठिगळ कशाला. मग तिचं बोट त्याच्यावरून फिरलं आणि तिला आठवलं. बाबा कोपर बाहेर टेकून गाडी चालवायचे. वर्षानुवर्षं. त्या जागी पत्रा दबला होता, रंग गेला होता आणि काचेच्या कडेची पट्टी उचकटून टोकदार झाली होती. तिथे जाळी फाटू नये म्हणून ताईनं आधीच ठिगळ लावलं होतं. डोळे मिटून.

छटाकनं दार उघडलं आणि खोळ वरून घातली.

बाबांची गाडी म्हणजे पेटी होती, उभट, चौकोनी. आरसे पुढे बॉनेटवर, टोळाच्या मिशांसारखे. या गाडीच्या काचा मागे उतरत गेलेल्या, आणि आरसे दारालाच, कानांसारखे. खोळ अर्ध्यात उतरली आणि कानात अडकली. ओढली तर एका अंगाला तंबू झाला, दुसऱ्या अंगाला झोळ. बाबांचा सदरा एखाद्या पोरानं अंगात घालावा तशी जाळी दारावर लोंबत राहिली. ठिगळ कोपराच्या जागी नव्हतंच, पार खाली, दाराच्या मुठीपाशी गेलं होतं.

"गाडीला बुरखा घातलात की काय?" राखणदार लांबून ओरडला.

"डासांसाठी आहे."

"डासांसाठी? मग ठीक. त्यांना लाजायला होणार नाही." तो जवळ आला, डोकं एकीकडे कलतं करून त्यानं जाळीकडे पाहिलं. "मोठी झालीय हो. कडेला चुंबकं लावा चार. घट्ट धरील."

"गाडीत वजनं आहेत. चुंबक चालत नाही."

"मग सुतळी बांधा. सुतळीला कुणाचं वावडं नाही."

त्यानं सुतळी आणून दिली. दोघांनी मिळून चारही दारं बांधली, पोतं बांधतात तशी. काम झाल्यावर राखणदार दोन पावलं मागे सरला, काहीतरी बोलणार होता, पण छटाकचा चेहरा बघून नुसतं "झोपा आता" म्हणाला आणि गेला.

तेवढ्यात फोन वाजला.

"थांब ताई, दार लावून घेते." छटाक आत बसली, किल्लीचं बटण दाबलं. टुक-टुक. "हं, बोल."

ताई लगेच बोलली नाही. मग म्हणाली, "पोचलं?"

"पोचलं."

"कशी बसली?"

एक क्षण होता. गोदामाच्या दिव्याभोवती पाखरं गोळा होत होती, आणि तो क्षण तिथेच भिरभिरून जळून गेला.

"बेतल्यासारखी," छटाक म्हणाली.

"बाबांच्या बाजूची?"

"ती पण."

"कोपरापाशी ओढली जात नाही ना?"

"नाही."

"बरं," ताई म्हणाली. आज तिच्या 'बरं'ला टाका नव्हता, कापड नुसतं सुटं पडलं होतं. "उद्या उजेडात एक फोटो काढून पाठव. बाबांच्या बाजूचा."

फोन ठेवल्यावर छटाकनं काच खाली केली. वारा आला. जाळीतून गाळलेला, गवताचा आणि ओल्या गोणपाटाचा वास असलेला वारा, किती महिन्यांनी. तिनं डोळे मिटले. आणि मग कानाशी गाणं सुरू झालं.

सकाळी डोळे उघडले तेव्हा जाळीच्या आतल्या अंगाला डास बसले होते. तिनं मोजले नाहीत. भरपूर होते, पोटं टम्म, उडायचाही कंटाळा आलेले. आरशाच्या कानापाशी जो तंबू झाला होता, त्यातून ते रात्री आत शिरले होते, आणि आता जाळीच त्यांना बाहेर जाऊ देत नव्हती.

छटाकला हसू आलं. मोठ्यानं आलं, आणि गाडीत दुसरं कुणी नसल्यामुळे ते हसू काचेवर आपटून तिच्याचकडे परत आलं.

लहानपणी दोघी बहिणी एकाच मच्छरदाणीत झोपायच्या. आई नव्हती; जाळीच्या कडा गादीखाली खोचायचं काम ताईचं. चारी बाजूंनी फिरून खोचायची, मग आत येऊन बॅटरी लावून कोपरे तपासायची. बाबा बाहेर कापड बेतत बसलेले असायचे आणि तिथूनच कोडं घालायचे, रोज तेच, रोज नव्यासारखं:

*वारा येई, वारा जाई, भिंत असून भिंत नाही,*
*गाणारीण दाराशी उभी, तिला आत जागा नाही!*

"मच्छरदाणी!" दोघी ओरडायच्या. एकदा सहा वर्षांच्या छटाकनं आतून विचारलं होतं, "बाबा, फुलदाणीत फुलं असतात. अत्तरदाणीत अत्तर असतं. मग मच्छरदाणीत मच्छर का नसतात?"

बाबांची कात्री थांबली. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. नाव चुकलंय. ही माणूसदाणी."

तेव्हापासून ताई रोज तेच म्हणायची. "चल गं छटाक, माणूसदाणीत." आत दोघी, बाहेर सगळं जग गुणगुणत.

आज मात्र नाव खरं झालं होतं. ती जाळी खरीखुरी मच्छरदाणी झाली होती, भरलेली. छटाकनं सुतळ्या सोडल्या, दारं सताड उघडली आणि डासांना म्हणाली, "जा बाबांनो. तुमची काही चूक नाही."

दहा वाजता ती बाजारात औषधवाल्यांकडे गेली. हे म्हातारे अजूनही काही पुड्या स्वतः जोखून बांधत. त्यांचा काटा काचेच्या पेटीत असे, इतका नाजूक की समोर कुणी सुस्कारा टाकला तरी आकडे हलत. छटाकनं हातमोजे चढवले, चिमट्यानं एक ग्रॅमचं वजन उचलून पारड्यात ठेवलं, काच सरकवली. आकडे स्थिरावले. एक ग्रॅम आणि वर पाच मिलिग्रॅम.

तिनं वजन काढलं, ठेवलं. पुन्हा पाच जास्त.

"काटा चुकतोय," ती म्हणाली.

"माझा?" औषधवाले खुर्चीवरून उठलेच. "अहो, चाळीस वर्षांत माझ्या पुडीनं कुणाला एक शिंक जास्त आली नाही. आणि पाच मिलिग्रॅम म्हणजे काय हो? उच्छ्वास आहे तो. द्या ठोकून शिक्का."

"नाही देता यायचा."

"तुमच्यापुढे कणभर खोटं चालायचं नाही म्हणा."

"नाही चालत," छटाक म्हणाली, आणि हे बोलताना तिचे कान तापले. "माझे बाबा शिंपी होते. ते म्हणायचे, मापात पाप नको."

"मग आता?"

ती वाकून काचेतून बघू लागली. पारड्याच्या पार मागच्या कडेला, सहज दिसणार नाही अशी, एक डासीण बसली होती. हलत नव्हती. पोट लालबुंद.

छटाकनं हळूच काच सरकवली, तिला चिमट्यानं उचललं. आकडे खाली आले. एक ग्रॅम. ना जास्त, ना कमी.

"बघा!" औषधवाल्यांनी टाळी वाजवली. "कुठून आली ही भवानी? माझ्या दुकानात डास नाही. जाळी आहे दाराला."

"माझ्याच बाहीवरून आली असणार. मी गाडीत झोपते."

"पण डास एवढा जड कुठे असतो? मी जोखलाय एकदा, गंमत म्हणून. अडीच भरला होता."

"हिचं पोट भरलेलं आहे."

औषधवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डासिणीकडे पाहिलं, मग छटाकच्या मानेवरच्या लाल डंखांकडे. "म्हणजे अडीच तिचं, आणि अडीच तुमचं!" ते इतके हसले की त्यांना खोकला आला. "मग माझा काटा अगदी खरं बोलत होता की हो, बाई! जेवढं ठेवलं तेवढं त्यानं सांगितलं. भेसळ तुम्हीच घेऊन आलात."

छटाकही हसली. तिनं शिक्का मारला, कागद फाडून दिला, पेटी मिटली. दुकानातून बाहेर पडेपर्यंत ते हसू तिच्या तोंडावर तसंच होतं, काढायचं राहून गेलेल्या टाचणीसारखं. गाडीत बसल्यावर ते टोचलं.

काटा खरं बोलत होता. ताईही खरं तेच बोलत होती. आपण तिच्या पारड्यात जे ठेवलं, तेवढ्याचंच माप तिनं काढलं होतं.

दिवसभर तिनं गोदामातले मोठे काटे तपासले. दर तासाला फोन हातात घेतला. फोटो काढता आला असता, तसा. जाळी ताणून, जवळून, ठिगळ तेवढं दिसेल असा. एकदा तिनं तसा काढलाही. फोटोत पिवळं 'बाबा' स्पष्ट आलं होतं आणि मागे नव्या गाडीचा निळा रंग. बाबांची गाडी दुधी रंगाची होती. तिनं फोटो पुसून टाकला.

सांगितलं तर ताई काय करेल? ओरडली तर सोसता येईल. पण ताई ओरडणारी नव्हती. ताई फोन ठेवेल. उद्या करणार नाही, परवा करणार नाही. मग सहा वाजून वीस मिनिटांनी डास येतील, आणि त्यांच्याशिवाय कुणीच येणार नाही.

संध्याकाळी गोदाम बंद झालं. राखणदारानं लांबून हात केला, फाटक लोटलं. छटाकनं आज जाळ्या लावल्या नाहीत, काचाही वर केल्या नाहीत. ताईच्या आधी तिनंच फोन लावला.

"फोटो काढलास?" ताईनं विचारलं.

"ताई, जाळी बसली नाही."

पलीकडे मशीन चालू होतं. ते चालूच राहिलं.

"का बसली नाही?"

"गाडी ती नाही. बाबांची गाडी गेली. आठ महिने झाले." मग एकदा दोरा सुटल्यावर सगळंच उसवत गेलं. चढ, इंजिन, मेस्त्री, दारं नसलेली गाडी, सही. सांगताना तिच्या हातावर, मानेवर, घोट्यावर डास बसत होते आणि तिनं एकही मारला नाही.

मशीन थांबलं.

"मला ठाऊक आहे," ताई म्हणाली.

"काय?"

"गाडी गेलेली. तुझी ही गाडी टुक-टुक करते. रोज ऐकते मी. बाबांची गाडी जन्मात कधी टुक-टुक बोलली नाही. तिला किल्ली घालून, दार उचलून, वर एक शिवी द्यावी लागायची."

 छटाकच्या डोळ्यांसमोरचा नाला, गवत, दिवा, सगळं एकमेकांत मिसळलं.

"मग... मग त्याच मापाच्या का शिवल्यास?"

"दुसरं माप होतं का माझ्याकडे?" ताईचा आवाज पहिल्यांदा चढला. "दिलंस तू? तू म्हणालीस, माप सांगू का. मी कात्री हातात धरून थांबले होते गं. म्हटलं, आता सांगेल. विचारलं, बदल झालाय का. तू म्हणालीस, नाही. मग मी काय कापायचं होतं?"

"ताई..."

"ऐक. लोखंड होतं, कधीतरी जाणारच होतं. माझे गुडघे गेले तिथे गाडीचं काय. मला गाडीचं नाही लागलं." नाक ओढल्याचा आवाज आला. "तू तुझी उतरून गेलीस. आणि मी आठ महिने त्या गाडीत एकटीच बसून होते. रोज तुला विचारत होते, गाडी काय म्हणते. तू म्हणायचीस, बरी आहे."

गवतातून गाणं उठलं होतं. छटाकनं डोळे पुसले, तर हाताच्या पाठीवर एक डास चिरडला गेला आणि लाल रेघ उमटली. कुणाचं किती, कोण जोखणार?

मग ताईनं विचारलं, "काही ठेवलंस का त्यातलं?"

"काचेचं हँडल. बाबांच्या दाराचं. फिरवायचं ते."

"त्याची गोल मूठ आहे अजून?"

"आहे. चीर पडलेली."

"ती मी पाडली होती," ताई म्हणाली. "दहा वर्षांची असताना. बाबांनी ना तुझं नाव घेतलं, ना माझं, म्हणाले उन्हानं तडकली." मग तिचा आवाज पुन्हा कामाचा झाला. "ते घेऊन ये. आणि ती टुकटुकी दारात आणून लाव. मी फोनवर माप घेत नाही. ज्याचं शिवायचं ते समोर लागतं."

"अजून तीन गावं आहेत, ताई. अठरा दिवस."

"मी कुठे जातेय?" ताई म्हणाली. "अठरा दिवस फोन कर. गाडी काय म्हणते ते खरं सांग."

फोन ठेवला गेला.  पुढच्या कप्प्यातून छटाकनं हँडल काढलं. थंड होतं. अंधारात ते हवेत दोन वेढे फिरवलं, काच खाली घेताना बाबा फिरवत तसं. काहीच उघडलं नाही, काहीच मिटलं नाही.

तिनं सीट मागे पाडली. 'बाबा' लिहिलेली खोळ मांडीवर घेतली. या दाराला ती काही बसायची नव्हती. एवढी लांब, एवढी रुंद. तिनं इलॅस्टिक ताणून धरलं, आधी पाय घातले, मग गुडघे पोटाशी ओढून स्वतःला आत सारत गेली, आणि शेवटी ते तोंड डोक्यावरून ओढून गाठीसारखं आवळून घेतलं. छटाकभर माणूस होतं, मावलं. ठिगळ नेमकं खांद्यापाशी आलं, आणि तिनं ते तिथेच राहू दिलं.

चारही काचा खाली होत्या. वारा येत होता, जात होता. डास गाडीभर झाले आणि जाळीवर बसून गाऊ लागले. आत कुणीच शिरेना. छटाकनं अंधारात हात फिरवून कडा चाचपल्या, या बाजूची खोचली. त्या बाजूची खोचायला हात नेला. ती बाजू नेहमी ताई खोचायची. तिथे सीटचं थंड रेक्झिन होतं आणि वजनांची पेटी.

तिनं तीही बाजू स्वतःच खोचून घेतली. मग बोटांवर, जाळीच्या आत, अठरापासून उलटं मोजायला लागली.